त्यानं हे का खेळलं?

बुद्धिबळातलं मला जे काही कळतं, ते माझ्या आत्यामुळे. तिचं नाव कुठल्याही स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीत सापडणार नाही. ती सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, ट्रंक कॉल जोडून द्यायची. काम पाळ्यांचं, त्यामुळे रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी घरी असायची. त्या दुपारी खरं तर झोपेच्या, पण तिने त्या मला दिल्या. आज मी पुण्यात आमच्या सोसायटीतल्या आणि आसपासच्या मुलांना बुद्धिबळ शिकवते, आणि पटासमोर बसल्यावर माझ्या तोंडून जी वाक्यं निघतात ती बहुतेक तिचीच असतात. आत्याला जाऊन आता काही वर्षं झाली. आपण कुणाचं काय देणं लागतो ते धडपणी लिहून ठेवावं, म्हणून हे लिहिते आहे.

आत्या खेळ शिकली ती आजोबांकडून. आजोबा देशी पद्धतीने खेळत. त्या डावात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं. राजाला शह बसला नसेल तर एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्या घरात पोचेल त्या घराचा मोहरा होतं. आणि प्याद्याने मात केली तर तिचा मान सगळ्यात मोठा. आंतरराष्ट्रीय नियम आत्या मोठेपणी, पुस्तकावरून आणि गावातल्या खेळाडूंचे डाव बघत शिकली. सांगलीत ते जमण्यासारखं होतं. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी आमच्या गावाला या खेळाची गोडी लावली होती. स्पर्धेच्या दिवसांत बाहेरगावचे खेळाडू यायचे आणि रस्त्यावरच्या चहाच्या गाडीपाशीसुद्धा कुणाचा घोडा कुठे अडकला याची चर्चा चालायची.

देशी नियमांवर वाढल्यामुळे असेल, तिला मीर सुलतान खानबद्दल फार प्रेम होतं. पंजाबातला हा माणूस लहानपणी देशी डावच शिकला, पाश्चात्त्य नियम मोठेपणी शिकला, आणि सर उमर हयात खान या जहागीरदाराच्या पदरी असताना विलायतेला जाऊन १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकून आला. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. ओपनिंगच्या पुस्तकी अभ्यासात तो युरोपच्या खेळाडूंच्या मागे होता, पण मधला डाव आणि शेवट त्याला कळत होता. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये. ही बातमी आत्याला सांगता आली असती तर तिने दिवसभर पेढे वाटले असते. मी कुणाकडून तरी ओपनिंगचं पुस्तक मागून आणलं की ती सुलतान खानाचं नाव घ्यायची आणि पुस्तक कपाटावर ठेवून द्यायची. "आधी मोहरे फुकट घालवायचे थांबव. मग बघू."

पहिल्या दिवशी तिने मला बत्तीस मोहरे मांडूनच दिले नाहीत. दोन राजे आणि सोळा प्यादी, एवढंच. ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. कित्येक आठवडे आम्ही हाच डाव खेळलो. मला वजीर हवा होता, हत्ती हवे होते, शेजारचा मुलगा पूर्ण पट मांडून खेळायचा त्याचा हेवा वाटायचा. पण त्या आठवड्यांत माझ्या हाताला एक गोष्ट कायमची समजली: प्यादं मागे येत नाही. बाकी कुठलाही मोहरा चुकीच्या घरात गेला तर परत आणता येतो, त्यात एखादी खेळी वाया जाते एवढंच. प्यादं सरकवलं की सरकवलं. त्याने मागे सोडलेली घरं उघडी पडतात ती शेवटपर्यंत.

आणि राजासमोर राजा कसा उभा करायचा ते कळलं. पांढरा राजा ई५ वर, त्याच्या मागे प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर. खेळी पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. मोहरे तेच, घरं तीच, फक्त पाळी कुणाची एवढाच फरक. हे पहिल्यांदा पटावर करून बघितलं तेव्हा मी अर्धा तास त्याच तीन मोहऱ्यांशी खेळत बसले होते. पुढे कळलं की कापाब्लांकानेही १९२१ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात नवशिक्यांना शेवटापासून सुरुवात करायला सांगितलं आहे. शिकवायला लागल्यापासून मीही तेच करते, आणि दर वर्षी दोनतीन पालक येऊन विचारतात की मुलाला अजून पूर्ण डाव का देत नाही. त्यांना मी हीच तीन मोहऱ्यांची मांडणी दाखवते आणि खेळायला बसवते.

मग आला जोर. एखाद्या मोहऱ्याच्या पाठीशी आपला दुसरा मोहरा असेल तर आमच्याकडे त्याला जोर आहे म्हणतात. आत्या डाव मध्येच थांबवायची आणि म्हणायची, "जोर नसलेले दाखव. आधी माझे, मग तुझे." मी बोट ठेवत जायचे: तुझा हा उंट, हे ए-पट्टीतलं प्यादं, माझा हा घोडा. एखादा सुटला तर ती सांगायची नाही. "अजून एक आहे," एवढंच म्हणायची आणि आत जाऊन चहा ठेवायची. चहा होईपर्यंत तो शोधायचा.

नवशिक्यांचे डाव कसे संपतात हे मी आता रोज बघते. कुणी खोल डावपेच रचून जिंकत नाही. कुणाचा तरी मोहरा जोर नसताना मारात उभा राहतो, समोरचा तो उचलतो, आणि पुढच्या वीस खेळ्या म्हणजे त्या उचललेल्या मोहऱ्याचा हिशेब. म्हणून दहा ओपनिंग पाठ करण्यापेक्षा हा बोट ठेवण्याचा अभ्यास मोलाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. तो कंटाळवाणा वाटतो खरा, पण महिनाभर केला की बोट न ठेवताही दिसायला लागतं. त्याच्या पुढची पायरी मोजणीची. प्यादं एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ, ही किंमत सगळ्यांना माहीत असते. आत्या त्यावर मारामारी मोजायला लावायची: या घरावर त्याचे मारणारे किती, माझे जोर देणारे किती, आणि आधी लहान कोण मारेल. दोन मारणारे आणि एक जोर, तर त्या घरातलं प्यादं पडणारच. पण दोन मारणाऱ्यांत पहिला वजीर असेल तर त्याला प्यादं मारून स्वतः मरावं लागेल. हे सगळं मोहऱ्याला हात लावण्याआधी, बोलून. हात लावला की तो मोहरा हलवायचाच, हा नियम घरातही होता आणि त्यात मला वयाची सवलत नव्हती.

आता तिच्या मुख्य शिकवणीकडे येते. तिचा एक प्रश्न होता, प्रत्येक खेळीनंतर, न चुकता: "त्यानं हे का खेळलं?"

कुठल्याही गल्लीत, कुठल्याही शाळेच्या वर्गात हा डाव रोज होतो. पांढऱ्याने ई४, काळ्याने ई५. पांढऱ्याचा उंट सी४ वर, काळ्याचा घोडा सी६ वर. मग पांढऱ्याचा वजीर एकदम एच५ वर येऊन उभा राहतो. काळ्याच्या मुलाला आनंद होतो, कारण त्याला शिकवलेलं असतं की वजीर लवकर बाहेर काढू नये, आणि इथे समोरच्याने तर काढलाच आहे. त्याला दिसतं की आपला दुसरा घोडा एफ६ वर आणला की या वजिरावर मार बसतो. खेळी रास्त आहे. मोहरा बाहेर येतो, वजिराला पळावं लागतं. तो घोडा आणतो, वजीर एफ७ वरचं प्यादं मारतो, उंटाचा जोर आहे, मात.

या मुलाला काही येत नव्हतं असं नाही. मोहरे बाहेर काढावेत हे त्याला माहीत होतं, मोठ्या मोहऱ्यावर मार ठेवावा हे माहीत होतं, आणि त्याने ते केलं. फक्त वजीर एच५ वर का आला हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याचं उत्तर दोन घरांत होतं: ई५ आणि एफ७. ई५ ला सी६ च्या घोड्याचा जोर आहे, ते ठीक. एफ७ ला फक्त राजाचा. मग जी-पट्टीतलं प्यादं एक घर पुढे, वजीर मागे एफ३ वर येऊन पुन्हा तिथेच नजर लावतो, आणि आता घोडा एफ६ वर आणायचा. तीच खेळी, एका खेळीने उशिरा. आता ती मार अडवते आणि मोहराही बाहेर आणते, आणि पांढऱ्याचा वजीर उगाच फिरत राहिलेला असतो.

आत्या हे शिकवताना तिच्या कामाचा दाखला द्यायची. कॉल लावणारा एका टोकाला घाई करत असतो, पण पलीकडचं माणूस बोलायला लागलं आहे की नाही हे ऐकल्याशिवाय जोडणीची दोरी सोडायची नाही, नाहीतर जोडलेला कॉल वाया. पटावर आपण बहुतेक वेळ आपल्याच टोकाला बसून असतो. समोरच्याची खेळी झाली की आपल्याला वाटतं आता आपली पाळी आली, आणि मघाशी योजलेली खेळी आपण करून टाकतो. मधल्या वेळात समोरच्याने काहीतरी म्हटलेलं असतं.

प्रश्न विचारायचा म्हणजे काय करायचं, याचीही तिची पद्धत होती. शह, मार, धमकी, याच क्रमाने. आधी त्याच्याकडचे सगळे शह बघायचे, मूर्खपणाचे वाटणारेसुद्धा. मग तो काय काय मारू शकतो ते. मग पुढच्या खेळीला त्याला काय करायचं आहे ते. हे झालं की तोच क्रम आपल्या बाजूने. मग खेळी ठरवायची. आणि ठरवल्यावर पुन्हा एकदा, ती खेळी झाली आहे असं समजून, त्याचे शह, त्याचे मार. हे वाचताना लांबलचक वाटेल, पण सवय झाली की काही सेकंदांत होतं. ती मला हात मांडीखाली घालून बसवायची. प्रश्नाचं उत्तर मोठ्याने दिलं की मगच हात बाहेर काढायचे. माझ्या वर्गातल्या लहान मुलांना हे फार आवडतं, त्यांना तो खेळातला खेळ वाटतो. मोठ्यांना सांगितलं तर ते संकोचतात. मी त्यांनाही सांगते.

तिची आणखी एक सवय होती, खेळी आधी कागदावर लिहायची, मग पेन खाली ठेवून पटाकडे नव्याने बघायचं, आणि मग हलवायची. मला वाटायचं ही तिची स्वतःची युक्ती आहे. पुढे कॉलेजात असताना अलेक्झांडर कोटोव्हचं पुस्तक हाती आलं तेव्हा कळलं की हा सल्ला ब्लुमेनफेल्ड या सोव्हिएत उस्तादाचा. खोल विचार करून माणूस इतका दूर गेलेला असतो की जवळचं दिसत नाही, म्हणून खेळी लिहून परत यायचं आणि मिनिटभर नवशिक्याच्या डोळ्याने पट बघायचा. सुट्टीला सांगलीला आले तेव्हा मी आत्याला तो उतारा वाचून दाखवला. ती खूश झाली, आणि हे आपल्याला कुणाकडून मिळालं ते आठवायचा तिने दोन दिवस प्रयत्न केला. म्हणजे तिच्याही मागे कुणीतरी होतं.

२००५ मध्ये फिडेने नियम बदलला: आधी खेळी करायची, मगच नोंदवायची. त्यामुळे ही पद्धत स्पर्धेत चालत नाही. आत्याला मी ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लिहिण्याला मनाई आहे, थांबण्याला नाही ना?" तेव्हापासून मी मुलांना सांगते, खेळी ठरली की पाठ खुर्चीला टेकवा, एक श्वास घ्या, मग पुन्हा पटावर या. लिहिण्याची जागा टेकण्याने घेतली.

पोस्टाने खेळायचा नाद तिला होता, त्याबद्दल सांगितलं पाहिजे. रत्नागिरीकडच्या एका निवृत्त शिक्षकांशी तिचा टपाली डाव चालायचा. पंधरा पैशांच्या कार्डावर त्यांची खेळी यायची, खाली दोन ओळी तब्येतीच्या आणि पावसाच्या. माजघरातल्या फडताळात त्या डावाचा पट कायम मांडलेला असे आणि तिथे झाडू मारायची कुणाला परवानगी नव्हती. आत्या रात्री खेळी ठरवायची आणि कार्ड लिहायची, पण टाकायची नाही. सकाळी ड्यूटीवर निघताना पुन्हा पटासमोर उभी राहायची. कितीतरी वेळा ते कार्ड फाडलेलं मी पाहिलं आहे. ज्या खेळीवर रात्री तासभर घालवला तिच्यातलं भोक सकाळी उभ्या उभ्या दिसतं, हे माझ्या लहान मनावर फार ठसलं. तासाभराच्या डावात झोपून उठायची सोय नसते, पण उभं राहून पटाकडे बघायची असते. मोठ्या स्पर्धांत खेळाडू उठून फिरून येतात, परत आल्यावर क्षणभर खुर्चीमागे उभं राहून बघतात. आपल्या मुलांना कुणी हे सांगत नाही. ती दोन तास मान खाली घालून बसतात.

घोडचुका फक्त नवशिक्यांच्या हातून होतात असं समजून मुलं खचतात, म्हणून मी त्यांना काही डाव मुद्दाम दाखवते. २००६ मध्ये बॉनला जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक डीप फ्रिट्झ या संगणक प्रोग्रामशी खेळत होता. दुसऱ्या डावात काळ्या मोहऱ्यांनी त्याची स्थिती चांगली होती. चौतिसाव्या खेळीला त्याने वजीर ई३ वर नेला, आणि संगणकाने एच७ वर वजीर ठेवून मात केली. एका खेळीतली मात. पांढऱ्याचा घोडा एफ८ वर होता आणि एच७ ला त्याचा जोर होता. शेवटच्या रांगेतल्या घोड्याने मागे वळून जोर दिलेला डोळ्याला सहसा दिसत नाही, तशी मांडणी फार कमी वेळा येते. हा डाव वर्तमानपत्रात आला तेव्हा आत्याने तो मांडला, घोड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बघ, जोर." तिच्या आवाजात क्रामनिकबद्दल वाईट वाटणं होतं, दुसरं काही नव्हतं.

२०१४ मध्ये सोचीला आनंद आणि कार्लसन जगज्जेतेपदासाठी खेळत होते तेव्हा ती बरीच थकली होती, पण डोकं लख्ख होतं. सहाव्या डावात कार्लसनने सव्विसाव्या खेळीला राजा डी२ वर घेतला. त्या क्षणी आनंदला घोड्याने ई५ वरचं प्यादं मारता आलं असतं. पांढऱ्याने उलट हत्ती मारला असता, पण घोडा सी४ वरचं प्यादं शहासकट उचलून मग निवांतपणे हत्ती परत घेता आला असता. दोन प्यादी आणि बहुधा डाव. आनंदने ते पाहिलं नाही, ए-पट्टीतलं प्यादं पुढे सरकवलं, आणि पुढे तो डाव गेला. आम्ही दुसऱ्या दिवशी फोनवर तासभर बोललो. मला रडू येत होतं, आनंदसाठी. ती म्हणाली, "मोठा माणूस खेळला म्हणून खेळी बरोबरच असणार, असं धरून चालायचं नाही. प्रश्न त्यालाही विचारायचा." तोपर्यंत मी तिच्या प्रश्नाचा अर्धाच अर्थ घेत आले होते, समोरच्याचा डाव ओळखायचा, वाचायचं. त्या दिवशी दुसरा अर्धा कळला. समोरच्याची खेळी चुकलेलीही असू शकते, आणि ते बघायलाही तोच प्रश्न लागतो. नवशिक्या मुलांच्या डावात तर एकाने चूक करायची, दुसऱ्याने ती न पाहता आपली करायची, हे पुन्हा पुन्हा होतं.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा, शेवटचा डाव चालू होता तेव्हा मात्र फोन करायला कुणी नव्हतं. डाव बरोबरीकडे चालला होता. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची मारामारी देऊ केली. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेले की काळ्याने उंट डी५ वर आणून उंटांचीही मारामारी लादायची, आणि उरणार फक्त राजे आणि प्यादी, गुकेशकडे एक प्यादं जास्त. गुकेशने पाहिलं, पाणी प्यायला, थांबला, तपासलं, आणि मारलं. अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. आत्याने पहिल्या दिवशी मांडून दिलेला डाव जगज्जेतेपदाच्या शेवटच्या दिवशी मांडला गेला होता. मारामारी करण्याआधी सगळे मोहरे मनातल्या मनात उचलून टाक आणि उरलेल्या राजा-प्याद्यांचा डाव कुणाचा ते बघ, हे ती मला मी फ्रॉकात असल्यापासून सांगत आली होती.

हरलेल्या डावाबाबत तिचा एक रिवाज होता, तो मी तसाच चालवते. खेळ्यांची नोंद करताना, जी खेळी प्रश्न न विचारता केली असेल तिच्यापुढे एक टिंब द्यायचं. प्रामाणिकपणे. नंतर डाव पुन्हा मांडून जिथे मोहरा गेला किंवा मात झाली तिथून उलटं मागे यायचं. जवळजवळ नेहमी त्या जागेच्या एकदोन खेळ्या आधी टिंब सापडतं. हल्ली डाव संपला की मुलं फोनवरच्या इंजिनाला विचारतात आणि ते लगेच लाल खूण करून चुकलेली खेळी दाखवतं. इंजिन चुकत नाही, मी त्याच्या विरोधात नाही. पण चूक कुठली हे त्याला माहीत असतं, आपण त्या क्षणी काय विचार करत होतो हे त्याला माहीत नसतं, आणि पुढच्या डावात उपयोग होतो तो याच माहितीचा. म्हणून माझ्या वर्गात आधी टिंबं, मग आपल्या शब्दांत दोन ओळी, मग इंजिन. तसंच, एकेका मिनिटाचे डाव मी पहिली दोन वर्षं खेळू देत नाही. त्या डावांत प्रश्न विचारायला वेळच नसतो, आणि न विचारण्याची सवय हातात मुरते. पंधरा मिनिटांचा डाव, वर खेळीमागे दहा सेकंद. दिवसात एक झाला तरी पुष्कळ. सोबत एका-दोन खेळ्यांत मात करण्याची थोडी कोडी, रोज, आणि महिन्याने पुन्हा तीच. पुन्हा तीच सोडवताना मुलं कुरकुरतात, पण मांडणी डोळ्यात बसते ती दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच.

जिंकत आलेल्या डावातली काळजी तिने वेगळी शिकवली. समोर एकटा राजा ए८ च्या कोपऱ्यात आणि आपल्याकडे वजीर, अशा वेळी मुलं वजीर बी६ वर नेऊन ठेवतात आणि त्या राजाला शह नाही, जायला घर नाही, डाव बरोबरीत सुटतो. "वजीर डी७ वर ठेव," आत्या म्हणायची. "त्याला ए८ आणि बी८ अशी दोन घरं असू देत, तिथे फिरू दे. तू आपला राजा चालवत आण." राजा सी६ वर पोचला की वजीर बी७, मात. इथेही प्रश्न समोरच्याचाच आहे: त्याला जायला घर उरलं आहे ना?

मला तिने कधी फक्त मुलींच्या गटात खेळवलं नाही, खुल्या गटातच नाव घालायची. याचं कारण मला फार उशिरा कळलं. तिच्या लोखंडी कपाटात वर्तमानपत्राच्या कात्रणांची एक वही होती, खाडिलकर भगिनींची. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली, पुढे जयश्री आणि रोहिणी. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. त्यांचे पणजोबा, नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, सांगलीचे, त्यामुळे त्या मुली आपल्याच, असा आत्याचा हिशेब होता. रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला, आणि प्रकरण फिडेपर्यंत गेल्यावर अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निकाल दिला की पुरुषांच्या स्पर्धेतून बायकांना वगळता येणार नाही. ते कात्रण वहीच्या पहिल्या पानावर होतं. आत्या तेव्हा चाळिशीकडे झुकलेली, ती स्वतः कधी मोठ्या स्पर्धेत उतरली नाही. पण माझं नाव खुल्या गटाच्या अर्जावर लिहिताना तिच्या डोक्यात काय होतं ते त्या पानावरून कळतं. ती वही आता माझ्याकडे आहे, आणि २०२५ च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली तेव्हा ते कात्रण मी त्याच वहीत चिकटवलं.

येत्या मे महिन्यात आमच्या वर्गातल्या तीन मुली पहिल्यांदा खुल्या गटात उतरणार आहेत. जोर मोजणं तिघींनाही येतं. एक जण अजून टिंबं द्यायला लाजते, तिच्याशी मी रविवारी स्वतंत्र बसते. हत्ती-प्याद्यांचे शेवट त्यांना अजून शिकवायचे आहेत, आणि तेवढ्यासाठी एप्रिलचे सगळे शनिवार मी मोकळे ठेवले आहेत.